मिटवा, पण आधी अडीच लाख द्या

लोकअदालतीच्या शनिवारी माझं दुकान आठलाच उघडावं लागतं. कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. एरवी दहाच्या आधी चिटपाखरू नसतं, पण त्या दिवशी वकिलांचे ज्युनिअर शटर वर जायची वाट बघत उभे असतात. बहुतेकांना एकच कागद हवा असतो, तडजोडीची पुरशिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन. मजकूर आता पाठ झालाय. अर्जदार व सामनेवाले यांच्यात आपसात तडजोड झालेली असून अर्जदाराची काही एक तक्रार राहिलेली नाही. नाव, वय आणि केस नंबर टाकायचा आणि रकमेची जागा मोकळी सोडायची. ती आत गेल्यावर पेनाने भरतात. दुपारी अर्जदार बाहेर येतो, कुणीतरी विचारतं, आणि तो सांगतो, "मिटलं बघा."

त्या मोकळ्या जागेत पडणारा आकडा येतो कुठून, एवढंच मला इथे विचारायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. तडजोडीला माझा विरोध नाही. वीस वर्षं कोर्टाच्या दारात काढलेला माणूस तडजोडीला विरोध करील तर त्याने काहीच पाहिलं नाही असं समजावं. पण मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाची आणि विमा कंपनीची तडजोड आज ज्या रीतीने होते, तीत रक्कम जखमेवर ठरत नाही. कोण किती दिवस थांबू शकतो यावर ठरते. कायद्याने २०१९ साली हे सुधारायची संधी घेतली, आणि एका बाबतीत उलट बिघडवून ठेवलं.

हे मला कळलं ते अक्कामुळे, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत ती राहते. तेलुगु घरातल्या मोठ्या बाईला इथे सगळेच अक्का म्हणतात, मीही म्हणतो, ती माझ्याहून लहान असूनही. अपघात झाला तेव्हा वय अडतीस. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळते. ज्यांनी विडी वळताना पाहिलेलं नाही त्यांना ते काम सोपं वाटतं. मांडीवर सूप. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापाने कापलेली. डाव्या हातात पान घ्यायचं, चिमटीने तंबाखू पसरायची, मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात ते पान असं फिरवायचं की एका टोकाला निमुळतं व्हावं आणि मध्ये पोकळ राहू नये. तोंड नखाने दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, तोडायचं. ही एक विडी. अशा हजार वळल्या की हजाराचा भाव मिळतो. सैल वळलेली किंवा फाटलेली विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये बाजूला काढतात आणि तिचे पैसे नाहीत. सगळा खेळ उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या एका सांध्यावर आहे.

तोच सांधा गेला. वळलेल्या विड्यांची पिशवी घेऊन ती ब्रँचला निघाली होती, आणि अक्कलकोट रोडला एका मालवाहू तीनचाकीने मागे घेताना तिला भिंतीशी दाबलं. उजवं मनगट आणि अंगठा.

पहिली तडजोड तिथेच, रस्त्यावर सुरू झाली. गाडीमालक अर्ध्या तासात आला, माणूस वाईट नव्हता, पंधरा हजार देतो म्हणाला, फक्त पोलिसांत नको. अक्का कबूल होत होती. तिच्या जावेने हट्ट धरला म्हणून सिव्हिलला नेताना अपघात म्हणून नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशी फिर्याद दाखल झाली. हे मुद्दाम लिहितो, कारण सोलापुरात कितीतरी दावे या अर्ध्या तासातच मरतात. गाडीचा विमा असतो. कंपनी द्यायला बांधील असते, आणि तिसऱ्या माणसाच्या जिवाला किंवा शरीराला झालेल्या इजेबद्दल तिच्या जबाबदारीला वरची मर्यादाही नसते. पण फिर्याद नाही, पंचनामा नाही, आणि स्टँपपेपरवर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून दिलेलं. मग चार महिन्यांनी मनगट वळत नाही म्हणून माणूस वकिलाकडे जातो, तेव्हा सिद्ध करायला हातात काहीच नसतं. मालकाने पंधरा हजार खिशातून दिले, कंपनीने शून्य दिले आणि फायदा कंपनीचा झाला. मालकाला कुणीतरी सांगायला हवं की बाबा, ज्याच्यासाठी तू दरवर्षी हप्ता भरतोस ते हेच.

अक्काचा दावा दाखल झाला. दोन ऑपरेशनं झाली, तारा घातल्या, काढल्या. अपंगत्वाचा दाखला मिळाला, बारा टक्के, संपूर्ण शरीराच्या हिशोबाने. आणि एका लोकअदालतीच्या आधी कंपनीचा आकडा आला, एक लाख चाळीस हजार. टेबलावर ताणून तो दोन लाख दहावर गेला. तिने माझ्याकडे येऊन विचारलं, "काय करू सांगा की." मी सांगितलं, "अक्का, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. मिटवून टाक." हातचं. मला त्या वेळी ऐकूसुद्धा आलं नाही मी काय बोललो ते.

काही महिन्यांनी बँकेच्या कामासाठी ती सगळी फाइल घेऊन आली. झेरॉक्स काढताना अपंगत्वाच्या दाखल्याच्या मागे पेन्सिलीने केलेलं गणित दिसलं. तिच्याच वकिलाच्या ज्युनिअरने कंपनीचा हिशोब ऐकून टिपून ठेवलेला असणार. महिन्याचं उत्पन्न ५,०००, वर्षाचं ६०,०००, गुणिले १५, त्याचे १२ टक्के, १,०८,०००. अधिक औषधपाणी ३२,०००. एक लाख चाळीस. म्हणजे आकडा हवेतून आला नव्हता. पद्धत कायद्याचीच होती, फक्त पद्धतीत जिथे जिथे माणूस मोजायचा असतो तिथे तिथे तो कमी मोजला होता.

हे गणित समजून घेणं कठीण नाही, आणि ते वकिलांपुरतं राहू नये म्हणून थोडं सविस्तर मांडतो. पंधरा हा गुणक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात वयानुसार तक्ता घालून दिला. पंधरा ते पंचवीस वयाला १८, मग उतरत उतरत छत्तीस ते चाळीसला १५, एक्केचाळीस ते पंचेचाळीसला १४, आणि पासष्टच्या पुढे ५. वर्षाच्या उत्पन्नाला या गुणकाने गुणायचं. २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की माणसाचं उत्पन्न आहे तिथेच गोठत नाही, म्हणून पगारी कायम नोकरी नसलेल्या माणसाचं वय चाळीसच्या आत असेल तर उत्पन्नात आणखी ४० टक्के धरा, चाळीस ते पन्नासला २५, पन्नास ते साठला १०. तो खटला मृत्यूचा होता. जखमींनाही हे लागू होतं का, यावर कंपन्या वाद घालत राहिल्या, आणि २०२० साली पप्पू देव यादव खटल्यात, टायपिंगवर पोट असलेल्या आणि हात गमावलेल्या तरुणाच्या बाबतीत, न्यायालयाने तो वाद संपवला. लागू होतं. पेन्सिलीच्या गणितात हे ४० टक्के नव्हतेच.

उत्पन्न पाच हजार का धरलं? कारण विडी कामगाराच्या हाती दुसरा पुरावा नसतो. पण ही बाई विड्यांच्या आधी आणि नंतर पाच माणसांचा स्वयंपाक करत होती, नळ आला की पाणी भरत होती, सासूचं सगळं करत होती. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचंही मोल धरलं पाहिजे असं स्पष्ट म्हटलं आहे. दोन्ही मिळून महिना नऊ हजार धरले तर कुणाच्या डोळ्यांत खुपायला नको.

आणि आता ते बारा टक्के. इथे सगळ्यात मोठी चलाखी आहे, आणि गंमत म्हणजे त्यात खोटं काहीच नाही. डॉक्टरांनी दिलेला आकडा बरोबरच आहे. शरीर म्हणून मोजलं तर बारा टक्केच गेलं. पण २०१० साली राज कुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात न्यायालयाने हा फरक इतका उघड करून सांगितला की शाळेतल्या पोराला कळावा. डावा हात गेलेला माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली, आणि तोच माणूस सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरीवरही गदा येणार नाही. अपंगत्व एकच, नुकसान वेगळं. म्हणून दाखल्यावरचे टक्के बघू नका, त्या माणसाच्या त्या कामात किती टक्के गेले ते बघा, असा तो निकाल. अंगठा न मिटणारी विडी कामगार बाई किती टक्के विडी कामगार उरली? मी साठ टक्के गेले असं धरतो. ब्रँचमधला चेकर याहून जास्त सांगेल.

करून बघा. नऊ हजार म्हणजे वर्षाला १,०८,०००. त्यात ४० टक्के मिळवले की १,५१,२००. गुणिले १५ म्हणजे २२,६८,०००. त्याचे बारा टक्के काढले तर २,७२,१६०, आणि साठ टक्के काढले तर १३,६०,८००. यात अजून उपचाराचा खर्च नाही, उपचारातल्या महिन्यांची बुडालेली मजुरी नाही, वेदनेचे नाहीत, पुढच्या औषधपाण्याचे नाहीत. मोटार अपघात दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने सगळंच मान्य केलं नसतं हे मलाही कळतं. पण निम्मं केलं असतं तरी तिच्या मोकळ्या जागेत पडलेल्या आकड्याच्या तिप्पट झालं असतं.

आणि लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या एकविसाव्या कलमाने तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा ठरतो, अंतिम.

मग तिने ते पैसे का घेतले? तिच्या वकिलाने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या डोक्यात दुसरं गणित होतं. पुढे डॉक्टरची साक्ष लागणार, डॉक्टर तारखेला येतील याचा भरवसा नाही, निकाल लागला तरी कंपनी हायकोर्टात जाणार. आणि अक्काच्या डोक्यात त्याहून साधं गणित होतं. गटाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला येतो. हप्ता घ्यायला येणारी मुलगी ओसरीत बसून राहते, ओरडत नाही, फक्त बसून राहते, आणि गटातल्या बाकीच्या बाया येऊन जाऊन बघत असतात. पहिल्या ऑपरेशनला जावेचं मंगळसूत्र गहाण पडलं होतं. अशा बाईसमोर कंपनीच्या माणसाने "आज सही, पुढच्या महिन्यात पैसे" म्हटलं की ती घासाघीस करत नसते, सुटका करून घेत असते. कंपनीला मात्र थांबण्यात तोटा नाही. उद्या व्याजासकट द्यावे लागले तरी तोवर पैसा तिच्याकडेच असतो, आणि अशा हजार फायलींपैकी नऊशे जण आधीच थकणार हे तिला अनुभवाने ठाऊक असतं. हा आकडा माझा अंदाज आहे, फार तर आठशे म्हणा.

आता कायद्याकडे येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १४० वं कलम होतं. चूक कुणाची हे न बघता मृत्यू झाल्यास पन्नास हजार आणि कायमचं अपंगत्व आल्यास पंचवीस हजार लगेच द्यायचे. रक्कम काळाबरोबर हास्यास्पद झाली होती हे खरं. पण त्या कलमाचा स्वभाव चांगला होता. ते पैसे घेतले म्हणून पूर्ण भरपाईचा दावा संपत नसे, पुढे जी रक्कम ठरेल तीतून ते वळते होत. म्हणजे आधी श्वास घ्या, मग भांडा.

२०१९ च्या दुरुस्तीने, जी या प्रकरणापुरती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, हे कलम गेलं. त्या जागी १६४ वं आलं. मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, इथेही चूक कुणाची हे सिद्ध करायला नको. ऐकायला दहापट. पण १६६ व्या कलमात एक परंतुक, म्हणजे जोडअट, घातलं आहे, की १६४ खालचे पैसे कंपनीकडून १४९ व्या कलमाच्या रीतीने स्वीकारले की न्यायाधिकरणातला तुमचा दावा संपुष्टात येतो. श्वास घेतलात ना, मग आता भांडायचं नाही. जुन्या कायद्याने आगाऊ म्हणून दिलेले पैसे नव्या कायद्याने शेवटचे करून टाकले. आणि रक्कम अशी निवडली आहे की तीन ऑपरेशनं झालेल्या घराला ती नाकारणं अशक्य व्हावं. मुद्दाम तशी निवडली असं म्हणत नाही, पण परिणाम तोच.

माझी मागणी एवढीच आहे. हे परंतुक काढा. गंभीर दुखापत झाली, फिर्याद आहे, गाडीचा विमा आहे, एवढं दिसलं की अडीच लाख आगाऊ द्या आणि अंतिम रकमेतून वळते करा. त्यानंतर लोकअदालत भरवा, हवी तेवढी घासाघीस होऊ द्या. हप्ता फिटलेली, मंगळसूत्र सोडवलेली बाई त्या टेबलासमोर बसली की कंपनीचा पहिला आकडाच वेगळा येईल. त्या फरकातून कळेल की आजवरच्या आकड्यांत जखमेची किंमत किती होती आणि निकडीची किती. कायद्यात १६४-अ असंही एक कलम आहे, दाव्याच्या काळात अंतरिम मदत देण्यासाठी केंद्र सरकारने योजना करावी म्हणून. ते आमच्या गल्लीपर्यंत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

यावर कंपन्यांच्या बाजूने जे बोललं जातं त्यात तथ्य नाही असं नाही. खोटे दावे होतात. घरात जिन्यावरून पडलेला माणूस दुचाकीखाली आलेला दाखवतात, एकच गाडी तीन अपघातांत सापडते. उत्तर प्रदेशात तर अशा दाव्यांच्या तपासाला विशेष पथक नेमावं लागलं. आमच्याकडेही दवाखान्याच्या आवारात फिरणारे लोक आहेत, जे जखमीला वकील गाठून देतात आणि टक्केवारी घेतात. त्यांच्यावर कुणी कारवाई केली तर मी पेढे वाटीन. पण खोट्याला पकडायला पोलिसांचा अहवाल आहे, पंचनामा आहे, दवाखान्याची पहिली नोंद आहे. खऱ्या जखमीला उपाशी ठेवल्याने खोटा सापडत नाही. उलट खोटा माणूस जास्त थांबू शकतो, त्याला काही झालेलंच नसतं.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. आगाऊ पैसे मिळाले की कुणी तडजोडच करणार नाही, फायली तुंबतील, असा. होईल थोडं. पण आजही कायद्यात तडजोडीचा एक नीट रस्ता आहेच आणि त्यावरून कुणी चालत नाही. १४९ व्या कलमानुसार अपघाताची माहिती मिळताच कंपनीने अधिकारी नेमायचा आहे, तो तीस दिवसांत न्यायाधिकरणासमोर देकार, म्हणजे तडजोडीचा प्रस्ताव, ठेवू शकतो. स्वीकारला तर तडजोडीची नोंद कंपनीकडे गेल्यापासून तीस दिवसांच्या आत पैसे, नाकारला तर सुनावणी. २०२२ च्या नियमांनी पोलिसांनाही वेळापत्रक घालून दिलं. अठ्ठेचाळीस तासांत पहिला अपघात अहवाल, पन्नास दिवसांत अंतरिम, नव्वद दिवसांत सविस्तर. तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरावा असं १६६ व्या कलमात लिहिलेलं आहे. म्हणजे कागदावर जखमीला वकिलाच्या पायऱ्या चढायचीसुद्धा गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात हे सगळं अंमलात आणा म्हणून राज्यांना निर्देश दिले. तरी माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जखमी आजही अर्ज टाइप करायलाच येतो. माझा धंदा त्यावर चालतो, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही म्हणा.

याच दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदतही परत आणली. १९९४ साली मुदत काढून टाकली होती, आता पुन्हा अपघातापासून सहा महिन्यांत दावा टाका. ज्याचा पाय सहा महिने प्लास्टरात आहे त्याने कोर्टात यायचं कसं हे लिहिणाऱ्याला सुचलं नसावं. या तरतुदीला आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी चालू असेपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. त्याच्या भरवशावर मात्र कुणी बसून राहू नये.

मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचाराची योजना आली आहे, अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार. चांगली गोष्ट आहे. जावेचं मंगळसूत्र कदाचित वाचलं असतं. पण आठव्या दिवसानंतर घर चालवायचा प्रश्न तिथेच आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर सोलापुरातल्या सोलापुरात दोन गोष्टी करता येतील, त्याला दिल्लीला जावं लागत नाही. एक म्हणजे देकार लेखी आणि फोड करून द्यायला लावा. उत्पन्न किती धरलं, गुणक कोणता, पुढच्या वाढीचे किती, कमाई किती टक्के बुडाली असं मानलं, औषधपाणी किती, वेदनेचे किती. पेन्सिलीने दाखल्यामागे लिहितात तेच शाईने पुढे लिहा. लोकअदालतीच्या पॅनेलने तो कागद समोर ठेवल्याशिवाय रक्कम विचारायचीच नाही. आणि तो अर्जदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. हे शहर तीन भाषांचं आहे. घरात तेलुगु, बाजारात मराठी, काही वस्त्यांत कानडी, आणि विमा कंपनीचा कागद इंग्रजीत. अक्काने ज्या पुरशिशीवर सही केली ती मीच टाइप केली होती, मराठीत, आणि "काही एक तक्रार राहिलेली नाही" याचा अर्थ तिला तेलुगुत कुणी सांगितला नव्हता.

दुसरी गोष्ट, पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी टक्के विचारायच्या आधी "तुम्ही काम काय करता, करून दाखवा" असं म्हणावं. यंत्रमागावरचा माणूस असेल तर तो आठ तास उभा राहू शकतो का ते विचारा, गुडघ्याचे दहा टक्के त्याला नोकरीबाहेर काढतात. शिलाईवाली असेल तर सुईत दोरा ओवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. त्या दोन मिनिटांत राज कुमार खटल्याचा अख्खा निकाल लागू होतो.

हेल्मेट नव्हतं, गाडीवर तिघे होते, रिक्षात जास्त माणसं बसली होती, असे मुद्दे टेबलावर हमखास येतात आणि माणूस वरमतो. वरमू नये. २०२० च्या मोहम्मद सिद्दीक खटल्यात न्यायालयाने म्हटलं आहे की तिघे बसले होते एवढ्यावरून जखमीची चूक ठरत नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. आणि महिला, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातच कार्यालय असतं. माझ्या दुकानापासून चालत पाच मिनिटं. मी अक्काला तिकडे पाठवलं नाही, कारण ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

बँकेचं काम म्हणून ती आली होती असं वर लिहिलं. कंपनीचे पैसे खात्यात वेळेवर आले होते, त्यात काही खोट नाही. काढायला गेली तेव्हा स्लिपवर केलेली सही बँकेतल्या जुन्या सहीशी जुळेना. तेलुगुत सही करते ती, गोल गोल अक्षरं, अंगठा मिटल्याशिवाय गोल येत नाहीत. पुरावा आणा म्हणाले. मी तिला अपंगत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स काढून दिली, बारा टक्केवाल्या, आणि ती घेऊन ती परत बँकेत गेली.